सहज जमते त्याला गुण म्हणावे का, आणि तो दुसऱ्याला द्यावा कसा?

कानोसा (प्रश्न)

नमस्कार. मी गेली 14 वर्षे एका कारखान्याच्या देखभाल विभागात काम करते. पंप, मोटरी, पंखे आणि गिअरबॉक्स यांची दुरुस्ती हे आमचे रोजचे काम आहे. विभागात माझ्याबद्दल एक गोष्ट नेहमी बोलली जाते, ती अशी की यंत्राजवळून नुसती चालत गेले तरी त्यात काय बिघडू लागले आहे ते मला आवाजावरून कळते. बेअरिंग कोरडे पडले आहे, पट्टा घसरतो आहे, पंपाला पुरेसे पाणी मिळत नाही म्हणून आत बुडबुडे फुटत आहेत, की नुसताच पायाचा बोल्ट सैल झाला आहे, हे मी यंत्र उघडण्याआधी सांगते आणि उघडल्यावर बहुतेक वेळा तसेच निघते. यात काही विशेष आहे असे मला कधीच वाटले नाही. ज्याला कान आहेत त्याला हे ऐकू येत असणारच, आणि बाकीचे लोक यंत्र उघडून पाहतात ते केवळ खात्री करून घेण्यासाठी, अशीच माझी समजूत होती.

याच काळात मी आठ वर्षे कामावरून सुटल्यावर चित्रकला शिकले. मला चित्रे काढायला मनापासून आवडते आणि चित्रकला हाच आपला खरा गुण आहे, असे मी स्वतःला आणि इतरांनाही सांगत आले. माझ्याबरोबर शिकायला लागलेले काही जण दोन वर्षांत माझ्या कितीतरी पुढे गेले. मी मात्र मेहनत करूनही जिथल्या तिथे राहिले, आणि त्याचे दुःख मी बराच काळ मनात ठेवले.

गेल्या वर्षी माझ्या हाताखाली चार शिकाऊ मुले दिली गेली. मी त्यांना एका पंपापाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "ऐकू येतंय ना?" चौघेही गप्प राहिले. असे तीन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी त्यांतला एक जण म्हणाला, "ताई, आम्हाला नुसता आवाज ऐकू येतो." मला राग आला आणि तुमचे लक्षच नाही, असे मी सगळ्यांसमोर त्याला सुनावले. तो मुलगा त्यानंतर मला काही विचारायला आला नाही. त्याचे लक्ष नव्हते असे आता मला वाटत नाही. जे मला ऐकू येत होते ते त्याला खरोखरच ऐकू येत नव्हते, हे मला त्या वेळी उमजले नाही, आणि ती टोचणी अजून गेलेली नाही.

माझे प्रश्न असे आहेत. हा उपजत गुण आहे, की 14 वर्षांच्या सवयीने कान तयार झाला आहे, आणि हे ओळखायचे कसे? आवडीला गुण समजून मी इतकी वर्षे चुकीच्या वाटेने गेले का? आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, जे मला कसे कळते हे माझे मलाच सांगता येत नाही, ते मी दुसऱ्याला द्यायचे कसे? माझ्यानंतर हे त्या विभागात कोणाकडे तरी राहावे, असे मला फार वाटते.

मोजपट्टी

कानोसा, तुमच्या प्रश्नातले "ज्याला कान आहेत त्याला हे ऐकू येत असणारच" हे वाक्य मी दोनदा वाचले, कारण तुम्हाला स्वतःच्या गुणाची ओळख पटायला इतकी वर्षे का लागली, याचे उत्तर त्यातच आहे. ज्या गोष्टीसाठी आपल्याला झगडावे लागते तिची आठवण राहते, तिचा अभिमान वाटतो आणि ती आपण चार लोकांना सांगतो. जी गोष्ट श्वासासारखी सहज घडते तिची मनात नोंदच होत नाही. चित्रकलेत तुम्हाला कष्ट पडत होते म्हणून ती तुमच्या डोळ्यांसमोर राहिली, आणि ऐकण्याला कष्ट पडत नव्हते म्हणून ते नजरेआड राहिले.

जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग या मानसशास्त्रज्ञांचा 1999 सालचा अभ्यास सहसा एकाच कारणासाठी सांगितला जातो, तो म्हणजे ज्यांना कमी येते ते स्वतःला फार समजतात. त्याच अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग मात्र मागे पडतो, आणि तुमच्या बाबतीत तोच कामाचा आहे. चाचणीत सर्वांत वरच्या गटात आलेल्यांनी इतरांच्या तुलनेत आपले स्थान प्रत्यक्षापेक्षा खालचे सांगितले होते. आपल्याला सोपे गेले म्हणजे सगळ्यांनाच सोपे गेले असेल, असे त्यांनी धरले होते. व्याकरणाच्या चाचणीनंतर त्यांना इतरांनी सोडवलेल्या उत्तरपत्रिका तपासायला दिल्या, तेव्हा त्यांनी आपला अंदाज वर नेला. स्वतःकडे कितीही निरखून पाहिले असते तरी त्यांना हे कळले नसते. तुमच्या बाबतीत त्या चार मुलांच्या गप्प राहण्याने तेच काम केले आहे.

म्हणून गुण ओळखायचा असेल तर "मी कशात चांगला आहे" हा प्रश्न स्वतःला विचारून फारसे हाती लागत नाही. त्यापेक्षा, इतरांना काय जमत नाही याचे आपल्याला मनापासून आश्चर्य वाटते, कुठे आपला धीर सुटतो, लोक कोणत्या कामासाठी न सांगता आपल्याकडेच येतात, याकडे पाहावे. तुमचा त्या मुलावरचा राग ही वाईट गोष्ट झाली, पण खूण म्हणून पाहिले तर ती स्पष्ट आहे. चित्र न जमणाऱ्या माणसावर तुम्ही कधी असे चिडला असाल, असे मला वाटत नाही. दुसरा उपाय म्हणजे आपल्याला ओळखणाऱ्या आठ-दहा जणांना विशेषणे न मागता प्रसंग मागावेत. "मी कशी आहे" असे विचारले तर लोक "मेहनती", "मनमिळाऊ" असे काहीतरी सांगून मोकळे होतात. "माझ्यामुळे एखादे काम नीट झाले असा एक प्रसंग सांगा" असे विचारले की त्यांना नेमके आठवावे लागते, आणि त्या प्रसंगांत जे पुन्हा पुन्हा येते तिथे आपला गुण असतो.

आता उपजत की सवयीचा, याविषयी. फ्रान्स्वा गान्ये या कॅनडातील मानसशास्त्रज्ञाने 1985 पासून एक भेद आग्रहाने मांडला आहे. अंगची नैसर्गिक क्षमता वेगळी, आणि शिक्षण व सराव यांनी त्या क्षमतेतून घडलेले कौशल्य वेगळे. पहिली कच्चा माल असते आणि दुसरे तयार वस्तू. नैसर्गिक क्षमतेची खूण तो शिकण्याच्या वेगात आणि सहजतेत शोधतो. तेव्हा आज तुम्हाला किती येते याला इथे फारसे महत्त्व नाही. पहिल्या वर्षी, तुमच्याबरोबर रुजू झालेल्यांच्या मानाने तुम्ही किती लवकर आवाज ओळखू लागलात, हे आठवून पाहा.

सरावाचा वाटा कमी लेखू नये, हेही खरे. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली बर्लिनमधील व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यांतल्या सर्वोत्तम गटाने विसाव्या वर्षापर्यंत सरासरी 10,000 तासांच्या आसपास एकट्याने सराव केला होता, हे त्यातून पुढे आले. पुढे 2014 साली ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अशा 88 अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा माणसामाणसांतल्या फरकापैकी हेतुपूर्वक केलेल्या सरावाने उलगडणारा वाटा बुद्धिबळासारख्या खेळांत 26 टक्के, संगीतात 21 टक्के, मैदानी क्रीडाप्रकारांत 18 टक्के, शिक्षणात 4 टक्के आणि व्यवसायांत 1 टक्क्याहूनही कमी निघाला. उरलेला सगळा भाग जन्मजात गुणाचाच आहे, असे यावरून म्हणता येत नाही. शिकायला कधी सुरुवात केली, कोणी शिकवले, मोजमाप किती नेमके होते, असे बरेच काही त्यात असते. नुसत्या तासांनी सगळे उलगडत नाही, इतके मात्र म्हणता येते.

चित्रकला सोडू नका. तिथे तुम्ही चुकला नाहीत. आवड आणि गुण या दोन गोष्टी एकाच ठिकाणी असायलाच हव्यात, असा काही नियम नाही. जे आवडते ते आपल्यासाठी करावे. त्यात पुढे गेलो नाही म्हणून दुःख तेवढे करू नये.

दुसरी पाळी

मीही देखभालीच्याच कामात आहे, 22 वर्षे झाली. वरचे उत्तर चांगले आहे, पण "उपजत" या शब्दाला माझा थोडा विरोध आहे आणि तो नोंदवून ठेवतो. हा शब्द एकदा वापरला की विभागातले बाकीचे लोक शिकणे सोडून देतात. "तिला देणगी आहे, आपल्याला नाही" असे म्हटले की प्रश्न मिटतो, आणि मग प्रत्येक यंत्रासाठी मध्यरात्री फोन त्या एकाच माणसाला येतो. मी अशा एका जाणत्या सहकाऱ्याबरोबर काम केले आहे. ते निवृत्त झाले त्या दिवशी त्यांच्याबरोबर सगळे ज्ञानही गेले, कारण आम्ही त्यांचे कौतुक केले आणि त्यांना विचारले मात्र काहीच नाही. तेव्हा कानोसाताई, तुमचा कान जन्माचा की कमाईचा हा प्रश्न बाजूला राहू द्या. तो देता येतो का एवढेच पाहा.

काही गोष्टी नक्की देता येतात. मोटरचा आवाज विजेचा आहे की फिरणाऱ्या भागांचा, हे ओळखायला कानाची देणगी लागत नाही. वीजपुरवठा तोडायचा आणि ऐकायचे. विजेमुळे होणारी गुणगुण त्याच क्षणी बंद होते. बेअरिंगची किंवा पंख्याची घरघर मोटर थांबेपर्यंत वेगाबरोबर उतरत जाते. कोणत्या बाजूचे बेअरिंग बोलते आहे हे कळण्यासाठी लांब पेचकसाचे टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, फिरत्या भागांपासून हात, केस आणि कपडे दूर ठेवून. असे केले की सगळ्या खोलीचा गोंगाट मागे पडतो आणि एकच आवाज पुढे येतो. तुमच्या मुलांना "नुसता आवाज" ऐकू येत होता, कारण तुमचे मन जे वेगळे करते ते त्यांना वेगळे करून मिळाले नव्हते. ते पेचकसाने करून द्या.

आणि एक गोष्ट जरा स्पष्ट बोलतो. आपल्या गुणाची हद्दही त्याबरोबरच सांगितली पाहिजे. बेअरिंगचा बिघाड कानाला ऐकू येईपर्यंत बराच पुढे गेलेला असतो. त्याची पहिली चाहूल माणसाच्या कानाच्या पलीकडच्या, म्हणजे 20,000 हर्ट्झच्या वरच्या आवाजात लागते, आणि ती अल्ट्रासॉनिक उपकरणालाच कळते. त्यानंतर ती कंपनमापकावर दिसू लागते. कानावर विश्वास ठेवून उपकरणाला नाही म्हणणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांच्यामुळे झालेले नुकसानही पाहिले आहे.

तुमचा कान हीच तुमची पुंजी आहे, म्हणून शेवटी हेही सांगतो की ती सांभाळा. रोज आठ तास 85 डेसिबलच्या वर आवाज असेल तर श्रवणशक्तीला धोका मानला जातो, आणि गेलेले ऐकू येणे परत येत नाही. ऐकायचे त्या दोन मिनिटांपुरते कानाचे संरक्षक काढायचे असले, तर आधी आवाज मोजून घ्या आणि एरवी ते कानावरच असू द्या. मुलांनाही हे पहिल्या दिवशीच सांगा.

जुनी वही

मी शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. मला यंत्रांतले काही कळत नाही, पण त्या मुलाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

मला लहानपणापासून तोंडी हिशेब फार पटकन येत असे. आकडे जणू आपोआप जागेवर बसत. माझा धाकटा भाऊ माझ्याशेजारी बसून गणिते करी, आणि तो अडला की मी सहज म्हणत असे, "एवढं पण येत नाही?" त्यात दुष्टपणा नव्हता, खरेच आश्चर्य होते. पण तो कधीतरी माझ्याशेजारी बसायचा थांबला, आणि पुढे आयुष्यभर "मला गणित येत नाही" असेच म्हणत राहिला. पन्नाशी उलटल्यावर मी त्याच्याशी यावर बोलले. तो हसला आणि म्हणाला की तुझ्या शेजारी बसल्यावर मला गणितापेक्षा तुझ्या चेहऱ्याचीच भीती वाटायची. पुढे वर्गात शिकवताना मला सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल, तर मला जे कष्टाने आले त्या विषयांचा. भूगोल मला स्वतःला जड गेला होता, त्यामुळे मुले कुठे अडतात ते मला आधीच माहीत असे. गणिताच्या तासाला मात्र मला स्वतःला मुद्दाम थांबवावे लागे.

बेंजामिन ब्लूम या शिक्षणतज्ज्ञाने पियानोवादक, शिल्पकार, गणिती, मज्जासंस्थेचे संशोधक, जलतरणपटू आणि टेनिसपटू अशा 120 गुणवंतांचा अभ्यास 1985 साली प्रसिद्ध केला होता. त्यांतल्या अनेकांचे पहिले शिक्षक त्या क्षेत्रातले मोठे जाणकार नव्हते. प्रेमळ होते, मुलाला गोडी लावणारे होते. मोठे जाणकार नंतर आले. हे वाचले तेव्हा मला माझा भाऊ आठवला.

त्या मुलाला तुम्ही स्वतःहून बोलवा. "मी चुकले" एवढे म्हणा, आणि मग त्याला काय ऐकू येते ते विचारा. त्याला काय ऐकू यायला हवे हे त्या दिवशी सांगू नका.

पारंबी

कानोसा, "मला कसे कळते हे माझे मलाच सांगता येत नाही" या तुमच्या वाक्याविषयी लिहितो. हे दुःख नवे नाही, आणि त्यातून वाट काढलेली माणसे आहेत.

एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने 1990 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एक साधा प्रयोग केला. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि दुसऱ्याने गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांना वाटले होते की निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात 120 पैकी 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात पूर्ण चाल वाजत असते आणि समोरच्याला फक्त टकटक ऐकू येते. तुम्ही पंपाशेजारी उभ्या राहिलात तेव्हा असेच घडले. तुमच्या मनात 14 वर्षांत उघडलेले सगळे पंप होते आणि मुलांसमोर फक्त एक बंद पंप होता.

आता ज्याने ही वाट काढली त्याची गोष्ट. रने लेनेक हा फ्रेंच वैद्य बासरी वाजवणारा होता. त्याने 1816 साली कागदाची गुंडाळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि पुढे तिची लाकडी नळी केली; स्टेथोस्कोपचा जन्म तो. त्याने नळी शोधली हे सगळे जाणतात. मला मात्र त्याचे पुढचे काम अधिक मोठे वाटते. छातीतल्या ज्या आवाजांना तोवर नावेच नव्हती त्यांना त्याने नावे दिली, आणि ती देताना ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या आवाजांचा आधार घेतला. एका आवाजाला त्याने तापत्या भांड्यात मीठ तडतडते तसा म्हटले, दुसऱ्याला बकरीच्या बें-बें सारखा. पुढे रुग्ण दगावला तर शवविच्छेदनात फुप्फुसात काय निघाले ते पाहून त्याने आवाज आणि आतली स्थिती यांची जोडी लावली, आणि 1819 साली हे सगळे प्रसिद्ध केले. एका माणसाच्या कानात असलेले ज्ञान अशा रीतीने पुढच्या हजारो वैद्यांच्या कानात गेले.

तुमच्याकडे याच तीनही गोष्टी आहेत. ऐकण्याचे साधन वर सांगितलेच आहे. उघडून पाहणे हा तर तुमचा रोजचा धंदाच. राहिली नावे, आणि त्या बाबतीत आपली मराठी फार श्रीमंत आहे. घरघर, खडखड, कुरकुर, किरकिर, खरखर, सळसळ, फडफड, गुणगुण, टकटक, किणकिण, चरचर: यांतला प्रत्येक शब्द वेगळा आवाज सांगतो आणि तो कोणत्याही मुलाला शिकवावा लागत नाही. बेअरिंगच्या कडीला टवका उडाला असेल तर ठरावीक अंतराने टकटक येते आणि वेग वाढवला की ती जलद होते. बुडबुडे फुटणारा पंप आतून खडी वाहून नेत असल्यासारखा वाजतो. घसरणारा पट्टा सुरू होताना किंचाळतो. हे शब्द तुम्ही ठरवू नका. मुलांना ठरवू द्या आणि सगळ्यांनी मिळून तेच वापरा.

आणखी एक उदाहरण, कारण ते मला फार धीर देणारे वाटते. एका दिवसाच्या कोंबडीच्या पिलांत नर कोणता आणि मादी कोणती हे ओळखणे इतके अवघड मानले जाई, की ते वर्षानुवर्षे जाणकाराजवळ बसूनच येते, शब्दांत सांगता येत नाही, असे म्हटले जाई. आयर्विंग बीडरमन आणि मॅगी शिफ्रार यांनी अनुभवी माणसाकडून नेमके कुठे पाहायचे ते काढून घेतले, त्यावर थोडक्यात सूचना लिहिल्या आणि अजिबात अनुभव नसलेल्यांना दिल्या. त्यांचा अभ्यास 1987 सालचा आहे. छायाचित्रांवरून अचूक ओळखण्याचे प्रमाण 60 टक्क्यांच्या आसपास होते, ते 84 टक्क्यांपर्यंत गेले. छायाचित्र म्हणजे हातातले पिलू नव्हे, हे मान्य. पण जे "सांगता येत नाही" असे वर्षानुवर्षे म्हटले गेले, त्यातला बराच भाग "कुठे पाहायचे" एवढ्यानेच सांगता आला. तुम्हीही स्वतःला "काय ऐकू येते" असे विचारू नका. यंत्राजवळ गेल्यावर तुमचे लक्ष आधी कुठे जाते, ते विचारा.

कानोसा

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला सहा आठवडे घेतले, कारण काही करून पाहिल्याशिवाय लिहू नये असे ठरवले होते.

जुनी वही, मी त्या मुलाला बोलावले आणि तुम्ही सांगितले तसे केले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "चुकलं तरी चालेल का?" मला वाटते की त्या तीन दिवसांत चौघांच्याही मनात हाच एक प्रश्न होता आणि मी तो विचारायला जागाच ठेवली नव्हती.

पारंबी, तुमच्या शेवटच्या वाक्याने मला फार विचार करायला लावला. एक दिवस मी स्वतःवर लक्ष ठेवले. माझ्या ध्यानात आले की मी आवाज किती मोठा आहे ते ऐकतच नाही. आवाज काल होता तसाच आहे का, एवढेच मी आधी ऐकते. म्हणजे प्रत्येक यंत्राचा निरोगी आवाज माझ्या मनात साठवलेला आहे आणि त्यातला फरक तेवढा मला टोचतो. हे मला 14 वर्षांत माहीत नव्हते. मी मुलांना नेहमी बिघडलेल्या यंत्रापाशी नेत होते, आणि ज्यांनी चांगला पंप कसा वाजतो ते लक्ष देऊन कधी ऐकलेच नाही त्यांना बिघाड दाखवत होते. आता आम्ही रोज सकाळी दहा मिनिटे फक्त चांगल्या यंत्रांजवळ, पेचकस कानामागे टेकवून, थांबतो. आवाज किती आहे ते मोजून मगच संरक्षक काढतो.

एक वही केली आहे. त्यात यंत्र, मुलांनी दिलेला आवाजाचा शब्द, प्रत्येकाचा अंदाज, कंपनमापकाचे वाचन आणि उघडल्यावर निघालेला दोष अशा पाच रकान्यांत नोंद होते. माझाही अंदाज मी त्यात लिहिते. दुसरी पाळी, तुमचे म्हणणे मला पटलेच होते, आता वहीतही दिसले: 17 नोंदींत माझे 4 अंदाज चुकले, आणि त्यांतले 2 दोष उपकरणाने माझ्या आधी पकडले. माझे निदान सहसा चुकत नाही असे मी समजत होते, कारण बरोबर निघालेलेच माझ्या लक्षात राहत होते. मुलांचे चौघांचे मिळून अंदाज सुरुवातीला अगदीच हवेत होते. आता पट्टा आणि सैल बोल्ट ते माझ्याशिवाय ओळखतात. बेअरिंगला अजून वेळ लागेल. ज्या मुलाला मी बोलले होते, त्याला पंपाचा आवाज इतरांच्या आधी कळू लागला आहे. त्याने त्याला "खडी" हे नाव दिले आणि आता सगळे तेच म्हणतात.

मोजपट्टी, मी चित्रे पुन्हा काढायला घेतली आहेत. या खेपेस यंत्रांची.

एक प्रश्न उरला आहे. आमच्या वरिष्ठांनी वही पाहिली आणि आता ज्याचा अंदाज बरोबर निघेल त्याला दर महिन्याला बक्षीस द्यावे, असे ते म्हणतात. त्यांचा हेतू चांगला आहे, पण मला आतून ते बरे वाटत नाही आणि का ते सांगता येत नाही. नाही म्हणावे का?

मोजपट्टी

माझे मत विचारत असाल तर आधी जाहीर केलेले बक्षीस नको. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी 1973 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्यांना चित्रे काढायला आवडते अशा 3 ते 5 वर्षांच्या मुलांना तीन गटांत ठेवले होते. "चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल" असे आधी सांगून ज्यांना ते दिले, ती मुले काही दिवसांनी मोकळ्या वेळात चित्रांकडे इतर मुलांच्या मानाने जवळजवळ निम्माच वेळ वळली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अचानक मिळाले त्यांची गोडी कमी झाली नाही. तुमचे शिकाऊ काही बालके नव्हेत आणि पगार किंवा बढती हा वेगळा विषय आहे. वही चांगली चालली म्हणून वर्षाच्या शेवटी चौघांचे एकत्र कौतुक झाले, तर त्यात काही बिघडणार नाही.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. त्या वहीचा सगळा उपयोग चुकलेल्या अंदाजांच्या रकान्यात आहे. बरोबर अंदाजाला पैसे लागले की पहिल्याच महिन्यात लोक खात्री असेल तेव्हाच लिहू लागतील, आणि "चुकलं तरी चालेल का" या प्रश्नाचे तुम्ही त्या मुलाला दिलेले उत्तर खोटे पडेल. वरिष्ठांना हे असेच सांगा, आणि वही उघडून तुमचे चार चुकलेले अंदाज त्यांना आधी दाखवा.